मायदेशी आलेली एकोणीस मतं

मित्रांनो, मी एक जुना झगा आहे. नीट पाहाल तर मला एक बाही आहे, दुसरी नाही. ही फॅशन नव्हे, हा एका स्पर्धेचा निकाल आहे.

लिथुआनियातल्या प्लुंगे गावात स्तासे मावशीनं जवसाच्या धाग्याचं कापड विणलं आणि भाचीसाठी मला शिवलं. भाची म्हणजे गायिका मिंगैले. गळा गोड, नशीब कडू.

पहिल्या वर्षी आम्ही परदेशात भरणाऱ्या, प्रेक्षकांच्या फोनवरच्या मतांनी ठरणाऱ्या देशोदेशींच्या गीतस्पर्धेला गेलो आणि उपांत्य फेरीतच गारद झालो. तिचा व्यवस्थापक वायदोतस म्हणाला, "झगा फार साधा दिसला." लगेच माझ्यावर चमचमत्या टिकल्या चढल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा हार. "झगा फार भडक दिसला." टिकल्या उसवल्या, वर एक बाहीही कापली. गाणी वायदोतसनंच निवडलेली, त्यामुळे खोट गाण्यात निघणं शक्यच नव्हतं. दुसऱ्यांच्या चुका अंगावर वागवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

तिसरी वेळ शेवटची होती. अंतिम फेरी गाठली नाही तर पुन्हा पाठवणार नाही, असं आपल्या देशाच्या दूरचित्रवाणीवाल्यांनी बजावलं होतं. या वेळी मिंगैले हट्टानं मावशीच्या बोलीतलं गाणं गायली. मित्रांनो, काय गायली! टाळ्यांनी माझे उरलेसुरले टाके थरथरले.

अंतिम फेरी हुकली. फक्त सात मतांनी.

दोन दिवसांनी आम्ही प्लुंगेला पोचलो. मला दारामागच्या खुंटीला अडकवलं. टेबलावर बटाट्याचा कुगेलिस वाफाळत होता आणि भोवती झिग्मासमामासकट आयर्लंडमध्ये डब्लिनला कामाला गेलेला सगळा गोतावळा बसला होता.

"मामा, तुम्ही इथे कसे?"

"अगं, तुझं गाणं काय परक्या मुलखात एकेकट्यानं बघायचं? मातृदिनाला आलो, ते थांबलोच. तुला मुद्दाम कळवलं नाही. एकोणीस जण! भिंती हादरेपर्यंत ओरडलो."

"आणि मतं कुठून दिलीत?"

"इथूनच की. पण फोन घेतच नव्हता मेला."

मिंगैले म्हणाली, "मामा, आपल्या देशातून आपल्याच गायिकेला मत देता येत नाही."



"दोन वर्षं तिकडे बसून इमानानं मतं दिलीत," मावशी कडाडली, "आणि यंदाच बरं माझं घर आठवलं! गिळा आता!"

"चुकलंच गं ताई," मामा पुटपुटला. "पण ओरडलो मात्र मनापासून."

तेवढ्यात सोबत आलेल्या वायदोतसची नजर माझ्यावर गेली. "तरी मी म्हणत होतो, ती उरलेली बाहीही..."

"झग्याला हात लावलास तर तुझ्याच कोटाची बाही कापीन," मिंगैले म्हणाली.

माझ्या बाजूनं कुणीतरी पहिल्यांदाच बोललं, पण तेव्हा सारं संपलं होतं. त्या शरदात ती गावच्या शाळेत गाणं शिकवायला लागली. पुन्हा स्पर्धेला गेली नाही.

मित्रांनो, माणसाच्या पराभवाचं खापर त्याच्या कपड्यांवर फोडू नका. आणि कुणावर जीव असेल, तर त्याच्यासाठी गर्दी करण्याआधी एकदा विचारा, "आम्ही तुला कुठे हवे आहोत?" मिंगैलेला ती एकोणीस माणसं डब्लिनमध्येच हवी होती, आपापल्या भाड्याच्या खोलीत, हातात फोन घेऊन बसलेली. मला अजून राग येतो. पण काढू कुणावर? ती सगळी माणसं मिंगैलेसाठीच तर आली होती.