बावीस नंबर

"एवढी." मास्तरांनी उजवा तळहात पट्ट्याच्या चार बोटं वर आडवा धरला. "इथवर डोकं येतं तिचं."

दुकानातल्या बाईंनी हाताकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "वय किती म्हणालात?"

"सात पूर्ण झाली. आठवं चालू आहे."

"मग एवढीशी कशी असेल हो आजोबा? नंबर सांगा ना. सव्वीस? अठ्ठावीस?"

"बाई, नंबर मला विचारताय? जन्मभर शाळेचे गणवेश कापलेत मी. पोर दारातून आत आलं की माप डोळ्यांत उतरायचं. टेप गळ्यात असायचा तो नुसता शोभेला."

बाईंनी हसून हात टेकले. मास्तरांचं हे खरंच होतं. कारखान्यात लोक पैजा लावायचे आणि हरायचे. कटिंग मास्तर म्हणून त्यांचा दरारा असा, की मालकही त्यांच्या टेबलाशी आला की खिशातले हात बाहेर काढायचा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण मिजास तसूभर उतरली नव्हती.

नातीचं, म्हणजे भिंगरीचं, फर्मान फोनवरून आलं होतं. सुट्टीत सगळ्यांनी समुद्रावर जायचं होतं आणि तिला पिवळा फ्रॉक हवा होता, घेरदार, मागे मोठी बो असलेला. "आणि आजी नाही, तुम्ही आणायचा. तुम्ही कध्धीच आणत नाही." तेही खरं होतं. सात वर्षांत मास्तरांनी तिला रंगपेट्या आणल्या, सायकल आणली, पण कपडे नेहमी आजीने घेतले. यंदा आजीचे गुडघे संपावर गेले होते. मास्तर हो म्हणून बसले आणि त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

बाईंनी पिवळे फ्रॉक काऊंटरवर टाकले. मास्तरांनी एकेक उलटा करून शिलाई पाहिली आणि नाकं मुरडली. एकाचा घेर चोरलेला, दुसऱ्याची बाही तिरकी. तिसरा मात्र त्यांनी खाली ठेवला नाही. बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा होता, पुढे चार बटणं. खांदे दोन्ही हातांत धरून त्यांनी तो आपल्यासमोर उंच धरला. बरोबर एवढीच. इथे गळा, इथे खांदा, इथे गुडघ्यावरची ती खरचटलेली जागा.

त्याच क्षणी शर्टाला मागून, खालच्या बाजूने, ओढ बसली.

मास्तर वळले नाहीत. गेली पस्तीस वर्षं हे असं अधूनमधून व्हायचं. बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, एकदा तर मुलाच्या लग्नात. वळून पाहिलं की कुणी नसतं, आणि ते कुणी नसणं मग आठवडाभर घरात राहायला येतं. म्हणून वळायचं नाही, एवढं ते शिकले होते.

"हाच द्या."

"आजोबा, हा बावीस नंबर आहे. लहान होईल."

मास्तरांना ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल. ते तिसऱ्या बटणाकडे बघत होते. "हे बटण सैल आहे."

"आमचा माणूस जेवायला गेलाय. आल्यावर लावून देते."

"राहू द्या. घरी लावीन मी."

"बरं. बसला नाही तर बदलून देईन हं. पोरीला घेऊनच या."

पस्तीस वर्षांपूर्वी घरात मास्तरांच्या मोठ्या मुलीला ताई म्हणत. धाकटा भाऊ बोलायला लागला, तिला ताई म्हणायला लागला, आणि मग आईबापही तेच म्हणू लागले. सहा वर्षांची ताई. तिने दुकानाच्या काचेत पिवळा फ्रॉक पाहिला आणि तिथेच फतकल मारली. मास्तर हसले होते. "दुकानातला कशाला? बाप कोण आहे तुझा?" त्यांनी पिवळं कापड आणलं, तिला स्टुलावर उभी केली आणि टेपने माप घेतलं. गरज नव्हती, पण तिला ते आवडायचं. टेप बगलेखालून गेला की ती खिदळायची.

शाळा उघडायला महिना उरला होता. कारखान्यात गणवेशांचे डोंगर लागलेले. रात्री घरी आले की ती शर्टाला मागून धरायची. "आज?" आणि मास्तर म्हणायचे, "उद्या." पोर विश्वास ठेवायची, हे सगळ्यात वाईट. मग ताप आला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. कापडाला कात्री लागली नाही.

त्यानंतर मास्तरांनी बावीस नंबर कधी कापला नाही. वीस कापला, चोवीस कापला, बावीसचा गठ्ठा आला की शेजारच्या टेबलावर सरकवायचे. "मास्तरांचं बावीसशी वाकडं आहे," अशी कारखान्यात थट्टा चालायची. मास्तर हसण्यावारी न्यायचे. आणखी एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. परक्या बाईला सगळे सर्रास ताई म्हणतात, मास्तर मात्र बाईच म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा भिंगरीला सोडून कामाला गेला. भिंगरीने चपला दारात भिरकावल्या आणि पिशवीवर झडप घातली. "ठिपके! आजी, ठिपके बघ!"

ती आत पळाली आणि आतूनच ओरडली, "आजोबा, अडकलं!"

फ्रॉक काखेत अडकला होता. एक हात वर, एक आत, तोंड पिवळ्या कापडात. आजीने लंगडत येऊन तिला सोडवलं. मग फ्रॉक पलंगावर पसरून तिने त्याच्या छातीवर वीत ठेवली, खांद्यावर ठेवली, आणि तिचा हात तिथेच राहिला.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "हे कुणाचं माप आणलंत?"

मास्तर चौकटीला धरून उभे होते. "चुकलं गं माझं," एवढंच त्यांना म्हणता आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं माप चुकलं होतं, आणि चुकलं नव्हतंही. इतकी वर्षं हातांनी ते जपून ठेवलं होतं आणि त्यांना सांगितलं नव्हतं.

भिंगरीचे डोळे भरले, पण रडण्याआधी तिला एक शंका आली. "हा कुणाला बसेल मग?"

आजीने मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली, पण आजीने यावेळी जुमानलं नाही. पस्तीस वर्षं तिनेही गप्प बसून काढली होती. "तुझ्या आत्याला बसला असता."

"कुठली आत्या?"

"तुझ्या बाबांची ताई. सहा वर्षांची असताना गेली. तापाने."

भिंगरीने बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे आत्या माझ्याहून छोटी?"

भिंगरीला ते चमत्कारिक वाटलं असावं. फ्रॉक उचलून तिने तो अंगाला लावला आणि तो आपल्याला कुठवर येतो ते पाहिलं. "मग हा तिलाच द्यायचा होता ना."

मास्तर पाठ फिरवून मोरीत गेले. नळ बराच वेळ चालू होता.

दुपारी दोघं दुकानात गेली. निघताना मास्तरांनी जुना टेप खिशात घातला. दुकानात पोचल्यावर त्यांनी भिंगरीला पायपुसणीवर उभी केली, गुडघ्यावर बसले आणि खरोखर माप घेतलं. टेप बगलेखालून गेला तशी ती खिदळली, आणि मास्तरांचे हात थांबले. टेप तिच्या श्वासाबरोबर आत-बाहेर होत होता. "श्वास सोड," ते म्हणाले. मग म्हणाले, "नको. घे, घे."

त्याच ठिपक्यांत अठ्ठावीस निघाला. भिंगरी घालूनच आली आणि आरशापुढे गरागरा फिरू लागली. बाईंनी बावीस नंबरसाठी हात पुढे केला. मास्तरांनी तो दिला नाही.

"आवडला असेल तर राहू दे की," बाई म्हणाल्या. "पुढेमागे होईल कुणालातरी."

"नाही," मास्तर म्हणाले. "घालणारं कुणी नाही घरात." हे वाक्य ते मोठ्याने पहिल्यांदाच बोलले होते. "सुईदोरा द्याल? बटण सैल आहे याचं. काल घरी लावीन म्हणालो, ते राहिलं."

"असू द्या हो आजोबा, आमचा माणूस लावेल उद्या."

"उद्या नको."

स्टुलावर बसून मास्तरांनी सुईत दोरा ओवला. एका फटक्यात ओवला गेला. भिंगरी समोर आरशात होती, दोन्ही हातांत घेर धरलेला. तरीही शर्टाला मागून, खालच्या बाजूने, ओढ बसली.

"झालं हं, ताई," ते टाका घालता घालता म्हणाले. "हे बघ, होतंच आलं."

आपल्याशी बोलताहेत असं वाटून काऊंटरवरच्या बाई म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या."

मास्तरांनी बटणाच्या देठाला तीनदा दोरा गुंडाळला आणि दातांनी तोडला. चारही बटणं लावली, बाह्या आत दुमडल्या, घेरावरची सुरकुती तळहाताने सारखी केली, आणि फ्रॉक दोन्ही हातांनी पुढे दिला.

बाईंनी तो हँगरला लावला आणि बावीस नंबरच्या रांगेत अडकवला.