पडद्यावर वाजला तो मी नव्हे

मी एक जुना पियानो आहे, मित्रांनो. सिनेमात काम केलेला आहे, म्हणून लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. पण मला त्याचं काय वाटतं, ते कुणी विचारलेलं नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

माझी पट्टी दाबली की आत लोकर लावलेली एक हातोडी तारेवर पडते आणि सूर निघतो. हातोड्या म्हणजे माझी जीभच. मला घरी आणलं ते मास्तरांनी. मास्तर मोठे संगीतकार. साठ-साठ वादकांनी वाजवायच्या रचना त्यांनी माझ्यापुढे बसून केल्या, पेन्सिल दातांत धरून. माझ्यावर कप ठेवायची घरात कुणाची छाती नव्हती. त्यांची लेक, आमची ताई, त्यांच्या मांडीवर बसून माझ्यावर बोटं चालवायला शिकली. माझा एक सूर जरा नाकात बोलायचा. सूर जुळवणारे काका दर सहा महिन्यांनी यायचे आणि तो सुधारू का, म्हणून विचारायचे.

"राहू द्या हो," मास्तर म्हणायचे, "तो गेला तर हा आमचा कसा राहील?"

मास्तर गेले. बऱ्याच वर्षांनी त्यांच्यावर सिनेमा निघाला. दिग्दर्शकाला त्यांचाच पियानो हवा होता. ताईनं एकच अट घातली, "त्याच्या आवाजाला धक्का लागता कामा नये." देखरेखीला काका बरोबर आले. काका आहेत म्हटल्यावर मीही निर्धास्त होतो.

मास्तरांचं काम करणाऱ्या नटाला वाजवता येत नव्हतं. तो पट्ट्यांवर नुसती बोटं आपटायचा आणि मान अशी झटकायचा, की मास्तरांना हसू आवरलं नसतं. त्या गोंगाटात संवाद ऐकू येईनात.

"काका, याला गप्प करता येईल का हो?" आवाज टिपणारा वैतागून म्हणाला.

ज्या काकांनी मला तळहाताच्या फोडासारखं जपलं, त्यांनीच स्क्रू फिरवले आणि माझ्या सगळ्या हातोड्या सांगाड्यासकट उचलून बाहेर काढल्या. "शूटिंग संपलं की बसवतो रे," असं मला थोपटून म्हणालेसुद्धा.

बसवल्या नाहीत. त्यांनी त्या दुकानात नेल्या आणि कुणाच्या पियानोची हातोडी झिजली, की माझी एक काढून तिथं लावली. तेवढीच त्यांची सोय! कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय.

सिनेमा लागला तेव्हा मला थिएटरच्या दालनात दोरीमागे उभं केलं होतं. दार उघडं होतं. पडद्यावर मी होतो, आवाज मात्र कुण्या नव्याकोऱ्या, गुळगुळीत पियानोचा होता. ताई डोळे पुसत बाहेर आली.

"काका, अगदी बाबांच्या पियानोचा आवाज हो!"

काकांनी नुसती मान डोलावली. खरं सांगतो, मला काकांपेक्षा तिचाच राग आला. माझ्या आवाजावर वाढलेली पोर, आणि तिला परका सूर ओळखू येऊ नये? खूश होऊन तिनं मला कायमचं तिथंच देऊन टाकलं. 'संगीतकाराचा खरा पियानो' अशी पाटी लागली. जाताना एक पट्टीसुद्धा तिनं दाबून पाहिली नाही.

तीन वर्षं गेली. एकदा शाळेची मुलं आली. ताई त्यांना वडिलांच्या गोष्टी सांगत होती, काकाही होते. एक चुणचुणीत मुलगी दोरीखालून आत शिरली आणि तिनं पट्ट्यांवर हात मारला.

"ए, हा खोटा आहे! वाजतच नाही!"

"खोटा कसा असेल? माझ्या बाबांचा आहे तो," म्हणत ताई पुढे आली. तिनं एक पट्टी दाबली. मग दुसरी. मग दहाही बोटं. लाकूड खटखटलं, तेवढंच.

"काका, हातोड्या कुठायत?"

काकांनी मान खाली घातली. "चुकलं माझं. पण पोरी, तीन वर्षं झाली. तू तरी एकदा वाजवून बघितलंस का?"



मित्रांनो, माणूस असो की वाद्य, ज्याला आपलं म्हणता त्याला पाटी लावून कोपऱ्यात उभं करू नका. जवळ जा, हात लावा, त्याचा आवाज ऐका. आवाज गेलाच असेल, तर निदान तो गेल्याचं तरी तुम्हाला कळू द्या.