दादाची बासरी, चिमीचं बोट

मित्रांनो, मी एक जुनी बासरी आहे. लांबलचक, जाड आवाजाची आणि खरं सांगायचं तर जरा उतावळी. अंगातून श्वास खेळला नाही की मला चैन पडत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कारखाना कसला, एक खोली आणि एक शेगडी! तिथल्या कारागीर काकांनी तापलेल्या सळईने मला भोकं पाडली. एक फुंकायचं, सहा बोटांची. प्रत्येक वेळी मी चरचरले. मग त्यांनी मला तेल पाजलं, टोकांना दोरा गुंडाळला आणि फुंकून पाहिलं. "हिचा खालचा सूर झकास आहे," ते म्हणाले.

त्याच सुरासाठी दादाने मला घेतलं. दादा गॅरेजात काम करायचा. पंजा फावड्याएवढा, बोटं लांबसडक. संध्याकाळी गच्चीवर तो मला वाजवू लागला की शेजारपाजारची माणसं बोलणं थांबवून ऐकत. मी फुशारून जात असे.

पुढे त्याला जहाजावर इंजिनखोलीत नोकरी लागली. खाऱ्या हवेने मला तडा जाईल, म्हणून त्याने मला जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलं. "कुणी हात लावायचा नाही," अशी घरात तंबी दिली.

कुणी लावलाही नाही. मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. तेल नाही, फुंकर नाही. उन्हाळ्यात माझं अंग ताणलं जाई. खाली कुणाची पावलं वाजली की वाटे, आता मला काढतील. पावलं निघून जात.

शेवटी दादाच्या धाकट्या बहिणीने मला काढलं. तिला सगळे चिमी म्हणत. ती घड्याळं दुरुस्त करायची. बारीक चक्रं लीलया बसवणारी तिची नाजूक बोटं माझ्यापुढे मात्र हरली. शेवटच्या भोकावर तिचं बोट पोहोचेचना. फटीतून वारा निसटे आणि मी चिरकत असे. बोटं ताणून ताणून तिचा हात सुजला.

एक दिवस ती मला घेऊन काकांकडे गेली.

"लहान बासरी घे की," काका म्हणाले.

"मला हाच आवाज हवाय. भोक जरा बाजूला घ्या ना."

"दादाला विचारलंस?"

"विचारलं तर नाही म्हणेल."

काका बराच वेळ मला हातात फिरवत राहिले. मग त्यांनी शेगडी पेटवली. चिरले तर सगळंच संपलं! जुनं भोक बुजलं, त्याच्या बाजूला नवं पडलं. चिमीने तिथेच मला फुंकलं. खालचा सूर भरून आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

दादा सुट्टीवर आला. आल्या आल्या त्याने मला ओठांशी धरलं. त्याचं बोट सवयीने जुन्या जागी पडलं. सूर फाटला.

"हे काय करून ठेवलंस? माझी बासरी होती ती!"

"तुझीच आहे. पुन्हा बुजवून आणते," चिमी रडवेली होऊन म्हणाली.

पुन्हा सळई? मी हबकलेच. दादा न जेवता बाहेर निघून गेला. परत आला तेव्हा चिमी मला कापडात गुंडाळत होती.

"थांब. आधी वाजवून दाखव."

"ओरडणार नसशील तर."

ती वाजवू लागली. दादा मान खाली घालून ऐकत होता. एकदम म्हणाला, "वरचा सूर चढतोय. हनुवटी खाली घे." चिमीने घेतली. "हां. आता रोज वाजव. मी तिकडे असताना हिने मुकं का राहायचं?"

त्यानंतर दादाला मला कधीच नीट वाजवता आलं नाही. दर सुट्टीत तो एकदा तरी मला हातात घेतो, बोट तिरकं करून बघतो आणि हसून परत देतो. त्या हसण्याने मी कासावीस होते. तरीही पुन्हा त्या कपाटावर जायला मी तयार नाही.

मित्रांनो, आम्हाला उन्हात टाकू नका, वेळच्या वेळी तेल द्या, ओल पुसा. पण जपण्याच्या नावाखाली बांधून ठेवू नका. ज्याला वाजवायची ओढ आहे, त्याच्या हाती द्या. त्यासाठी अंगावर आणखी एक डाग पडला तरी चालेल.

जिन्यात चिमीच्या चपला वाजल्या. आता मला बोलत बसता येणार नाही.