विहीणबाई म्हणतील तसं

"मनोरा ठेवू की काढून टाकू?" मुलीनं फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

"विहीणबाई काय म्हणतात?" सिस्टरनी उलट विचारलं.

"त्या म्हणतात, सिस्टर म्हणतील तसं."

"मग ठेव. त्यांना आवडत असेल."

क्रूझ ज्या बंदरातून सुटणार होती त्या शहरात आधी तीन दिवस राहायचं ठरलं होतं, आणि त्या तीन दिवसांची आखणी ही अशी चालली होती. मुलगी आणि जावई यांनी आपापल्या आईला एकाच केबिनची तिकिटं भेट दिली होती. दोघींचे नवरे गेलेले, दोघी आपापल्या घरात एकट्या. एकमेकींना सोबत होईल, असा मुलांचा हिशेब. त्यात एकच गोष्ट धरायची राहिली होती. मुलांच्या लग्नाला अठरा वर्षं झाली तरी या दोन विहिणी एकमेकींसमोर अजून खुर्चीच्या कडेवरच बसत होत्या.

सिस्टर म्हणजे मोठ्या रुग्णालयातल्या पुरुष वॉर्डच्या निवृत्त मुख्य परिचारिका. त्यांच्या बुटांचा आवाज आला की पेशंट सिगारेटी विझवत आणि नवखे डॉक्टर केसपेपर वाचत असल्याचं सोंग आणत. पण मुलीच्या सासूसमोर या वाघिणीची पार शेळी होई. आपल्यामुळे पोरीला सासरी बोल लागू नये, ही धास्ती लग्नाच्या दिवशी जी बसली ती काही उठली नाही. खरं तर विहीणबाई त्यांना आवडायच्या. घर खायला उठलं की त्यांना फोन करावा असं कितीदा तरी मनात येई. पण विहिणीला कामाशिवाय फोन करायचा तरी कसा? या प्रवासात गट्टी जमली तर जमली, नाहीतर आठवडाभर एका खोलीत 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत जीव जायचा. या विचारानं त्यांनी बॅग दोनदा भरली आणि दोनदा उपसली.

सिस्टरच्या घरच्या कॅलेंडरवरच्या चित्राचं विहीणबाईंनी कधीतरी कौतुक केलं होतं, म्हणून पहिल्या दिवशी चित्रसंग्रहालय आलं. सिस्टरनी कुठल्याशा फोटोतल्या मनोऱ्याला 'छान आहे हो' म्हटलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मनोरा. तिसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा आणि दुपारी बोट. राजवाडा कुणामुळे आला, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

संग्रहालयात दोघी प्रत्येक चित्रापुढे थांबल्या, कारण दुसरी थांबली होती. एका काळ्याकुट्ट समुद्रापुढे तर इतका वेळ गेला की पहारेकरी शेजारी येऊन उभा राहिला. विहीणबाई म्हणाल्या, रंग काय सुरेख आहेत. सिस्टर म्हणाल्या, हो ना. हॉटेलात परतल्यावर दोघींनी एकमेकींची पाठ वळायची वाट बघून पाय चोळले.

मनोऱ्याचा जिना अरुंद आणि गोल गोल फिरत जाणारा होता. प्रत्येक वळणावर भिंतीत एक उघडी खिडकी, आणि प्रत्येक खिडकीतून शहर आणखी खाली गेलेलं. अर्ध्यावर सिस्टरनी मागं वळून पाहिलं. विहीणबाई हसत होत्या, पण कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती आणि ओठावर घाम आला होता. ऑपरेशनला निघालेल्या माणसांचं हसू सिस्टरना चांगलं ओळखू येई.

"खाली बसा," त्या म्हणाल्या.

"नाही हो, मी ठीक आहे, तुम्ही चला..."

"बसा म्हटलं ना. पायरीवर. डोकं खाली घाला. आता बोलायचं नाही."

विहीणबाई मुकाट्यानं बसल्या. मागची रांग अडली, कुणीतरी कुरकुरलं. सिस्टरनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो खिडकीतून देखावा बघायला लागला. जरा वेळानं विहीणबाईंच्या चेहऱ्यावर रंग परतला आणि मग सिस्टरना भान आलं, की आपण कुणावर डाफरलो.

"मला उंचीची भीती वाटते," विहीणबाई खालमानेनंच म्हणाल्या. "माळ्यावरचा डबासुद्धा मुलाला काढायला लावायचे."

"मग आलात कशाला?"

"तुम्हाला हौस म्हणून."

"मला कसली डोंबलाची हौस? माझे गुडघे कालपासून रडतायत. मला वाटलं, तुम्हाला."

विहीणबाईंनी मान वर केली. आधी त्यांचे खांदे हलले, मग सिस्टरचे. हसण्यानं सगळा जिना घुमला. एक गुडघ्यांमुळे आणि एक भीतीमुळे, अशा दोघी हाताला हात धरून आडव्या आडव्या खाली उतरल्या.

खाली चहा घेताना विहीणबाईंनी मनातलं काढलं. त्यांची उभी हयात नवऱ्याच्या कापड दुकानात काउंटरमागे गेली होती.

"एकदा मोठ्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून बसायचंय. ठाणांवर ठाणं उलगडायला लावायची. आणि 'बघते, सांगते' म्हणून उठायचं."

"काही न घेता?"

"चिंधीसुद्धा नाही. आयुष्यभर ऐकलंय ते, एकदा म्हणून बघायचंय. आणि तुम्हाला काय हवंय?"

'तुम्ही म्हणाल तसं' सिस्टरच्या ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं, पण दुसरं काही येईना. कुठल्या खाटेवर कुणाला काय हवंय ते त्यांना न सांगता कळायचं. स्वतःचं मात्र त्यांना खरोखरच आठवेना. त्यांना वाईट वाटलं आणि थोडी लाजही वाटली. विहीणबाईंनी घाई केली नाही. आठवेल तेव्हा सांगा, पण खरं सांगा, एवढंच म्हणाल्या.

दुपारी विहीणबाई दुकानात ऐसपैस बसल्या. निळा दाखवा, याहून फिका, यात बारीक चौकडा नाही का? सिस्टरही मागं राहिल्या नाहीत. पोत त्यांना जाड वाटत होता. काउंटरवर कापडाचा डोंगर झाला. मग विहीणबाईंनी पर्स उचलली, घसा साफ केला, विक्रेतीच्या दमलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तीन मीटर फाडायला सांगितलं. "नाही जमलं हो," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, आणि सिस्टरच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं.

हॉटेलच्या पायऱ्या चढता चढता सिस्टर थांबल्या.

"आठवलं. मला उद्या झोपायचंय. आपोआप जाग येईपर्यंत."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

विहीणबाईंनी तिथूनच सुनेला फोन लावला आणि राजवाडा रद्द करून टाकला.

सकाळी सिस्टरचे डोळे उघडले ते नेहमीच्याच वेळेला, दिवसपाळीच्या. आता काही झोप लागायची नव्हती. त्या उठणार, एवढ्यात त्यांना अंधारात विहीणबाई दिसल्या. दिवा न लावता, बूट हातात घेऊन, चोरासारख्या चवड्यांवर चालत होत्या. तोंड धुताना त्यांनी नळ अगदी बारीक सोडला. मग खुर्ची उचलून दाराशी नेली आणि तिथं बसून राहिल्या.

बऱ्याच वेळानं दारावर टकटक झाली. खोली झाडायला बाई आली होती. विहीणबाईंनी दार बोटभर उघडलं.

"नंतर या हं," त्या कुजबुजल्या. "माझी मैत्रीण झोपलीय. तिला उठवायचं नाही."

सिस्टर टक्क जाग्या होत्या. त्यांनी पांघरूण हळूच हनुवटीपर्यंत ओढलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.