मधले ठिपके

मी एक पट्टी आहे. निळी, आडवी, करंगळीहून बारीक. शेजारी माझं नाव लिहिलेलं असतं : ‘जिन्याचे कठडे, तिन्ही मजले’. मोठी इमारत बांधायची तर हल्ली ती आधी संगणकाच्या पडद्यावर बांधतात. तिथं दर कामाची एक पट्टी. काम जितके दिवस चालायचं तितकी ती लांब. पडद्यावरची इमारत हटकून वेळेत पूर्ण होते. तिथं सिमेंट संपत नाही, नि कुणाचे वडील आजारी पडत नाहीत.

मला जन्म दिला तो नियोजन पाहणाऱ्या ताईनं. इमारत दवाखान्याची होती. ताईनं मला आखलं आणि माझ्या शेपटापासून एक बाण काढून खालच्या पट्टीला जोडला. खालचीचं नाव ‘जिना वापरास खुला’. बाणाचा अर्थ सोपा होता : माझं शेपूट संपेपर्यंत खालचीनं जागचं हलायचं नाही. कठडा नसलेल्या जिन्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. माझ्या सगळ्या जन्माचं सार त्या बाणात होतं.

प्रत्यक्ष काम करायचा तो एक अबोल वेल्डर. खालचे दोन मजले त्यानं उरकले आणि घरून फोन आला. वडील शेवटच्या घटका मोजत होते. ताईच्या टेबलापाशी येऊन त्यानं हातमोजे काढतच घरचा निरोप सांगितला.

“जा दादा तुम्ही,” ताई म्हणाली. “तिसरा मजला तुमचाच. तुमची जागा मी राखून ठेवते.”

तो गेल्यावर तिनं मला मधोमध तोडलं. दुखलं नाही. झालेला भाग जागच्या जागी ठेवला, उरलेला पुढच्या महिन्यात सरकवला आणि दोहोंच्या मध्ये बारीक ठिपक्यांची रेघ आली. तुटले तरी मी एकच होते. शेपूट पुढे सरकलं, त्यासरशी बाण सरकला नि खालचीही मुकाट पुढे सरकली. काम इथं थांबलंय, एवढंच ते ठिपके सांगतात.

साहेबांना ठिपके आवडले नाहीत. साहेब सज्जन होते; फक्त त्यांना दर महिन्याला वरच्यांपुढे चित्र दाखवावं लागे आणि चित्र सुंदर असावं असा त्यांचा आग्रह असे. मला पाहून ते म्हणाले, “ही काय मध्येच दात पडल्यासारखी? वरचे विचारतील, इथं काय चाललंय. मी काय सांगू?”

“काही चाललेलं नाही, असं सांगा,” ताई म्हणाली.

एवढं खरं बोलायची साहेबांना सवय नव्हती. पुढे ताई तापानं घरी पडली आणि बैठक तोंडावर आली, तेव्हा त्यांनी स्वतःच मला हातात घेतलं. माझा पुढचा तुकडा पुसला. राहिलेल्या अर्ध्या अंगावर ‘काम पूर्ण’ अशी नोंद केली. मग मन खाऊ लागलं असावं, म्हणून यादीच्या तळाशी ‘कठडे, उरलेले’ अशी एक नवी पट्टी टाकली. तिला ना मागचं कुणी, ना पुढचं. तिच्यापासून एकही बाण निघत नव्हता. बाण माझ्याच शेपटाला राहिला, आणि शेपूट आता दुसऱ्या मजल्यावर संपत होतं.

खालचीला तेवढंच हवं होतं. ती धावत अलीकडे, याच महिन्यात आली. बैठकीत चित्राचं कौतुक झालं.

मुकादमानं आठवड्याची कामं छापून घेतली, वाचली आणि साहेबांकडे आला. वर कठडा कुठाय, असं त्यानं विचारलं.

“चार्ट बघ,” साहेब मान वर न करता म्हणाले. “काम झालंय.”

मुकादमानं चार्ट पाहिला. मी तिथंच होते, ‘पूर्ण’ असं अंगावर मिरवत. मला तोंड नाही. त्यानं तिसऱ्या मजल्यावर एक सुतळी बांधली आणि जिना खुला केला.

झाडलोट करणाऱ्या मावशी दोन मजले कठड्याला धरून चढल्या. हातात बादली होती. तिसऱ्या मजल्यावर सवयीनं त्यांनी हात टेकला, तो सुतळीवर.

त्या वाचल्या. खुब्याचं हाड मोडलं.

चौकशीत साहेबांनी सॉफ्टवेअरमधल्या गडबडीकडे बोट दाखवलं. म्हणजे माझ्याकडेच. माझा जबाब कुणी घेतला नाही. ताई मात्र अंगात कणकण असताना आली, जुनी प्रत उघडली आणि दोन्ही चित्रं सगळ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवली. बोलली एकच वाक्य : “ही पट्टी तुटलेली होती, तीच बरोबर होती.”

तिनं मला पुन्हा पहिल्यासारखं तोडलं. ठिपके परत आले. वडिलांना पोचवून वेल्डरही परतला. कुणी काही सांगायच्या आधीच त्यानं ती सुतळी सोडली. मग चष्मा लावून त्यानं काम धरलं. जुना कठडा नव्याला जिथं मिळतो, तिथला सांधा त्यानं घासून गुळगुळीत केला, पण रंगाखाली तो हाताला लागतो.

आता इमारत उभी आहे आणि मी एका बंद फायलीत पडून आहे. शेवटचं ऐकलं ते ताईच्या फोनवर. मावशी कामावर रुजू झाल्या होत्या, काठी घेऊन. त्या सांगत होत्या, “चढते गं ताई, हळूहळू. त्या सांध्यापाशी जरा थांबते, दम खाते, मग पुढे.”

तुम्हीही कुणाच्या ना कुणाच्या पट्ट्या आखत असाल. एखादी मध्येच तुटली तर तुटलेली राहू द्या. ठिपके पुसू नका. तिथून कुणीतरी गेलेलं असतं, आणि ते परत येईतो वर कठडा नसतो.