येळवसेची मॅच

पांडवांना लावायला आणलेला चुना बंडप्पानं गोलाच्या रेषेवर ओतला, डबा उलटा करून बुडाला दोन थापा मारल्या आणि मान तिरकी करून बघितलं. रेष जरा वाकडी आली होती. पण कोल्हापूरच्या पोरांना तेवढं कुठं कळणार होतं!

"अवो, चुना कुठंय?" कोपीतून उमादेवीचा आवाज आला.

"कसला चुना?"

"पांडवांचा. दगडं धुऊन ठेवलेत म्या."

बंडप्पानं डबा पाठीमागं धरला. हाताला, पँटीला, अगदी मिशीला चुना लागलेला असताना डबा लपवून उपयोग काय! उमादेवी कोपीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग त्या पांढऱ्या रेषेकडं बघितलं.

"असू दे. पांडव नुसत्या लाल कावेवर भागवतील," ती म्हणाली. "त्यांना वनवासाची सवय हाय."

वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसेला, जळकोटात औषधाला माणूस सापडत नाही. सकाळीच घरांना कुलपं घालून गाव रानात जातं. कडब्याच्या कोपी उभ्या राहतात, कोपीत पाच दगडांचे पांडव बसतात आणि पूजा झाली की रानारानातून हाका सुरू होतात, "या जेवायला!" ओळखीचा असो की वाटसरू, त्या दिवशी रानात आलेला माणूस उपाशी गेला तर घरच्या बाईला वर्षभर चैन पडत नाही. असल्या दिवशी कुणी शहाणा माणूस फुटबॉलची मॅच ठेवील का? बंडप्पानं ठेवली होती.

त्याचं असं झालं. दर साली डिसेंबरात कोल्हापूरच्या एका पेठेतला संघ हैदराबादला स्पर्धेला जाताना जळकोटात थांबायचा. हायवेच्या कडेला, बंडप्पाच्या रानात, जळकोटच्या पोरांबरोबर एक मॅच खेळायचा, त्यांना धू धू धुवायचा आणि चहा पिऊन पुढं जायचा. यंदा त्यांच्या कप्तानाचा फोन आला तेव्हा बंडप्पा आपल्या बी-बियाणाच्या दुकानात बसला होता. भिंतीवर कंपन्यांची तीन कॅलेंडरं टांगलेली. पण हा गडी एकाकडंही न बघता म्हणाला, "या की! कवाबी या!" संध्याकाळी जेवताना उमादेवीनं तारीख ऐकली आणि हसता हसता तिला ठसका लागला.

बंडप्पानं स्वतः उभ्या जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. सोलापूरला कॉलेजात असताना तो मैदानाच्या कडेला उभा राहून घसा फाटेस्तोवर ओरडायचा, तेवढाच काय तो त्याचा खेळ. पण ते वेड गेलं नाही. गावाला बियाणं विकणाऱ्या या माणसाचं हायवेलगतचं काळंभोर रान निम्मं पडीक होतं, कारण तिथं पोरं खेळायची.

"ज्या रानात सोनं पिकायचं तिथं तुमी पोरं नाचवायलाव," उमादेवी म्हणायची. आणि तिचं खोटं नव्हतं.

गेल्या साली अर्धा डझन गोल खाल्ल्यावर गावानं बंडप्पाला चौकात लई खिजवलं. बंडप्पा चिडून बोलून गेला, "पुढल्या बारीला हरलो तर रान नांगरून टाकतो, जावा!" बोलून बसला खरा, पण शब्द तोंडातून गेला तो गेला. उमादेवीनं तो उचलला आणि ट्रॅक्टरवाल्या भीमाशंकरला सांगून ठेवलं. येळवसेच्या दुसऱ्या दिवशीचा नांगर ठरला.

म्हणून आज बंडप्पाचं सणात लक्ष नव्हतं. आज हरले, की उद्या सकाळी या चुन्यावरून नांगर फिरणार. मग पोरं कुठं खेळणार, आणि आपण कुणासाठी ओरडणार?

त्यात येळवस! या दिवशी जळकोटचा माणूस एका रानात जेवून थांबत नाही. शेजारच्याच्या रानात घासभर, पाहुण्याच्या रानात घासभर, असं करत करत दुपारी कुठल्यातरी कोपीच्या सावलीत आडवा होतो. अकरा आडवी पोरं घेऊन कोल्हापूरला काय हरवणार, कप्पाळ? मग बंडप्पानं उपाय काढला. सगळ्या पोरांना सकाळीच आपल्या कोपीवर बोलावलं आणि महादेवाची शपथ घातली, की मॅच होईस्तोवर सणाच्या भज्जीला शिवायचं नाही. गूळ, शेंगदाणे आणि पाणी. बास.

आयांनी बंडप्पाचा उद्धार केला. जळकोटच्या कप्तानाची, श्रीशैलची, आई नागम्मा तर स्वतःचं रान सोडून भांडायला आली.

"बंडप्पा, वर्षाच्या सणाला माझं पोरगं उपाशी ठेवतुस. तुझं बरं व्हईल का?"

"हरला तर शिव्या दे, नागम्माक्का. जिंकला तर तूच ये वाढायला."

"वाढते की! आन् हरला तर तुलाच वाढते," नागम्मा म्हणाली आणि पदर खोचून निघून गेली.

पूजा झाली. आंबिलीचं गाडगं घेऊन बंडप्पा रानाभोवती निघाला. डहाळी बुडवायची, पिकावर शिंपडायची आणि ओरडायचं, "ओलगे, ओलगे, सालम पोलगे!" याचा अर्थ काय, ते कुणी धड सांगत नाही. कानडीतनं आलंय म्हणतात. पण कानडी बोलणाऱ्याला विचारलं तर तोही नुसता हसतो. ज्वारीला शिंपडून झालं, हरभऱ्याला झालं. मग बंडप्पानं हळूच कोपीकडं बघितलं आणि पडीक रानात शिरून चुन्याच्या रेषेवरनं आंबील शिंपडत गेला. दोन्ही गोलांना जरा जास्तच.

उमादेवी बघत होती. एरवी तिनं तिथूनच आवाज दिला असता. आज मात्र ती भाकरीच्या दुरडीवर फडकं टाकून आत गेली.

तेवढ्यात हायवेवरून गाडी वळली. कोल्हापूरची पोरं टणाटण उड्या मारत उतरली. त्यांचा कप्तान संग्राम म्हणजे दरवाजाएवढा गडी.

"मामा, गावात चिटपाखरू न्हाई की हो! आमाला वाटलं पुन्यांदा लॉकडाऊन लागलं."

"येळवस हाय बाबा आज."

"आदी जेवा," मागून उमादेवी म्हणाली.

"नको काकू. मॅच खेळून खातो की."

"येळवसेला रानात आलेला माणूस उपाशी खेळत न्हाय. बसा."

संग्रामनं बांधावर बसलेल्या जळकोटच्या पोरांकडं बघितलं. ती गुळाचे खडे चघळत भज्जीच्या पातेल्याकडं एकटक बघत होती. "मग ही का जेवंनात?"

"त्यांचा उपास हाय," उमादेवी म्हणाली आणि पत्रावळी मांडायला लागली.

काय ते जेवण! तुरीच्या, वाटाण्याच्या, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची चिंच घातलेली घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर आणि वर गार आंबील. कोल्हापूरची पोरं पहिल्या घासाला 'मटण असतं तर' म्हणाली, दुसऱ्या घासाला गप्प झाली. मग उमादेवी पातेलं घेऊन पंगतीत फिरायला लागली.

"काकू, बास."

"बास काय? अजून खीर हाय."

"खरंच नको हो काकू."

"आईला नको म्हणताव का असं?"

असं म्हटल्यावर कोण नको म्हणेल? पत्रावळ रिकामी झाली की भाकरी पडायची, पेला रिकामा झाला की आंबील. बंडप्पानं बायकोला बाजूला घेतलं.

"अगं, थोडं थोडं वाढ. खेळायचंय त्यांना."

"येळवसेला थोडं? तुमी तुमच्या लायनी मारा."

बंडप्पा धुसफुसत गोलाकडं गेला. ही बाई नांगरासाठी त्यांना खाऊ घालतीय, असा त्याचा पक्का समज झाला. आधीच दरवाजाएवढी पोरं, त्यात पोटभर घरचं जेवण. आता तर फाडून खातील आपल्याला! तीस वर्षांचा संसार, आणि बाई फितूर निघाली कोल्हापूरला.

मॅच सुरू झाली तेव्हा बघायला बंडप्पा, बांधावरचं एक वासरू आणि पाचही पांडव. पहिली दहा मिनिटं कोल्हापूरनं जळकोटला नाचवलं. संग्रामचा एक फटका गोलाच्या आडव्या वाशावर असा बसला, की बंडप्पानं डोळेच मिटले. उघडले तेव्हा चेंडू हरभऱ्यात होता.

"बगायलाव काय? पळा! पळा रे!" तो ओरडला. त्याचा आवाज चार रानं ओलांडून गेला, आणि रानारानातून माणसं उठायला लागली. कुणाच्या हातात धपाटं, कुणाच्या कडेवर पोर, कुणी अजून तोंड पुसतंय. घराला कुलूप घातलेलं अख्खं जळकोट बांधावर गोळा झालं. एवढी माणसं गेल्या कुठल्याच मॅचला आली नव्हती. सणाला माणूस मोकळा असतो, हे बंडप्पाच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या हाफमध्ये कोल्हापूरला काय झालं कुणास ठाऊक. पळायला निघालेला गडी मध्येच चालायला लागायचा. एकजण कमरेवर हात ठेवून उभा राहिला तो राहिलाच. संग्रामनं दोनदा ढेकर दिला, तो बांधापर्यंत ऐकू आला. आणि इकडं जळकोटची भुकेली पोरं वाघासारखी सुटली होती! लवकर संपवायचं आणि जेवायचं, एवढंच त्यांच्या डोळ्यांत होतं.

तेवढ्यात गर्दीतून नागम्मा ओरडली, "ओलगे, ओलगे!"

"सालम पोलगे!" अख्खा बांध गरजला.

मग काय! हायवेवर दोन ट्रक थांबले, ड्रायव्हर खाली उतरून टाळ्या पिटायला लागले. ओलगे ओलगेच्या तालावर जळकोटच्या समर्थनं कडेवरून चेंडू उचलून मधे टाकला. संग्राम उडी मारायला गेला, पण जमिनीपासून फार काही सुटला नाही. त्याच्या डोक्यावरून श्रीशैल उडाला, कपाळानं चेंडू हाणला आणि चेंडू गोलात! बंडप्पानं ओतलेली ती वाकडी रेष ओलांडून चांगला हातभर आत.

बंडप्पा ओरडायचंच विसरला. त्यानं वासराला मिठी मारली. वासरू दावं तोडायला बघू लागलं, तरी यानं सोडलं नाही. बाकीची मॅच कशी गेली ते त्याला आठवत नाही. शिट्टी वाजली, एक शून्य, आणि पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. पन्नाशीचा बाप्या लहान लेकरासारखा रडत होता आणि हसतही होता. घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

मग जळकोटची पोरं जेवायला बसली. शब्दाप्रमाणे नागम्मा वाढायला आली. कोल्हापूरची पोरं शेजारी गवतावर लवंडून बघत होती.

"मामा, हरलो त्याचं काय न्हाई," संग्राम पोटावरून हात फिरवत म्हणाला. "पण ती आंबील वाटंला मिळंल काय?"

उमादेवीनं कॅन भरून दिला. गाडी हैदराबादकडं गेली, तरी पोरांचे हात खिडक्यांतून हलत होते.

दिवस कलायला भीमाशंकर जेवायला आला. बंडप्पा त्याचीच वाट बघत होता.

"ये, भीमा, ये! उद्याचा नांगर रद्द. जिंकलाव आमी!"

"कळलं की. पण नांगर सकाळीच रद्द झालता, अप्पा."

"सकाळी? मॅच तर दुपारी झाली."

"वहिनींचा फोन आलता. म्या गुरांचं शेण काढत होतो. येऊ नको म्हणल्या."

बंडप्पाला कळेना. "आन् हरलो असतो तर?"

"म्याबी तेच इचारलं. म्हणल्या, हरू द्या न्हायतर जिंकू द्या. आमच्या लेकीला, श्रीदेवीला, पुण्यात येळवसेची सुट्टी कोण देतंय? आन् पोरं यायची बंद झाली तर मला दोघांपुरती भज्जी करता येत न्हाय."

भीमाशंकर हात धुवायला गेला. बंडप्पा तिथंच उभा राहिला. सकाळपासूनची ती भीती, ती वासराला मारलेली मिठी! आणि रान तर सकाळीच वाचलेलं होतं. त्याला हसावं का रागवावं कळेना. शेवटी त्याला बायकोची लई माया आली, आणि ती कशी दाखवायची हे तीस वर्षांत शिकायचं राहून गेलं होतं.

उमादेवी सगळ्यांचं झाल्यावर कोपीत एकटीच पत्रावळ घेऊन बसली होती. बंडप्पा आत गेला. मिशीला अजून चुना होता. त्यानं पातेलं उचललं आणि तिला भज्जी वाढली.

तिनं वर बघितलं. "आज काय नवीनच?"

"येळवस हाय. जेव." त्यानं भाकरी वाढली. मग खीर वाढली. आंबिलीचा पेला भरला, आणि तिनं तो अर्धा केला तोच पुन्हा वर ओतायला गेला.

उमादेवीनं पेल्यावर हात धरला.

"बास की अवो," ती हसून म्हणाली. "आता मलाबी हरवायचंय व्हय?"