तीच काच दोनदा

खोटं बोलणारा माणूस ओळखायला ताईला एक काच पुरायची. तपासणीच्या खुर्चीत बसवायचं, डोळ्यासमोर काच धरायची, अक्षरं वाचून घ्यायची. मग काच बदलल्यासारखं करून तीच परत लावायची. "आता बरं दिसतंय, की मघाशी?" बहुतेक लोक म्हणायचे, "आता! आता कसं स्वच्छ!" ताई मान डोलवायची आणि मनातून त्या माणसाला कायमचं उतरवून टाकायची. डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण घेऊन, इतकी वर्षं चष्म्याचं दुकान चालवून, माणसांविषयी तिचं एवढंच मत झालं होतं: समोरच्याला खूश करण्यापुढे त्यांना स्वतःचे डोळेही महत्त्वाचे वाटत नाहीत.

समुपदेशकाकडे जावं लागलं ते मुलीमुळे. मुलीने ताईशी बोलणं बंद केलं होतं. तिचा निरोप आला तो मावशीच्या तोंडून. मावशी म्हणजे ताईची धाकटी बहीण. दुकानात फ्रेमा विकायचं काम तिच्याकडे होतं.

"ती म्हणते, आईने आधी कुणाजवळ तरी जाऊन मोकळं बोलावं. मगच मला फोन करावा."

"मी दिवसभर लोकांशीच बोलते."

"ताई, तू लोकांना 'वर बघा, खाली बघा' म्हणतेस."

"आणि नाही गेले तर?"

"तर ती फोन उचलणार नाही. तुझीच मुलगी आहे, खरंच नाही उचलणार."

समुपदेशकाची खोली पाहताक्षणी ताईला हसू आलं. दिवा इतका मंद, की धडधाकट माणसाचा नंबर वाढावा. कागदी रुमालांचा डबा असा हाताशी ठेवलेला, की रडला नाहीत तर यजमानाचा अपमान व्हावा. कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, त्यावर खरी धूळ. सोफा माणसाला गिळणारा. तो स्वतः तिशीचा, पायांत दोन वेगळ्या निळ्या छटांचे मोजे, आणि आवाज असा की जणू समोर आजारी मांजर बसलंय. ताईने त्याचं नाव ठेवलं मऊसूत.

"कसं वाटतंय इथे?" मऊसूतने विचारलं.

"अंधारलेलं."

त्याने लगेच उठून मोठा दिवा लावला. ही तत्परताही तिला खटकली.

तिने घडलेलं सांगितलं. मुलगी दुकानात आली. प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडून लहान मुलांना पोहायला शिकवायचं तिने ठरवलं होतं. खुर्चीत बसून तिने विचारलं, "आई, मी चुकले का गं?" आणि मग काही एक कारण नसताना भडकली, दार आपटून निघून गेली. मऊसूत ऐकत राहिला.

"कसा आहे?" धाकटीने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"मान डोलवतो. खाली जड बूड असलेली बाहुली असते ना, तसा."

"मग सोडलंस?"

"छे. पुढच्या वेळी त्याचीच तपासणी करणार आहे."

पुढच्या भेटीत तिने तोच प्रसंग पुन्हा सांगितला. मुलगी आली, बसली, "मी चुकले का गं?" म्हणाली. या खेपेला मात्र भडकली ती ताई. मुलीला बाहेर काढून दार आपटलं तिने. सांगून झाल्यावर ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसली. आता हा म्हणणार, किती धीराने कबूल केलंत.

"मागच्या वेळी दार मुलीने आपटलं होतं," मऊसूत म्हणाला.

"मुद्दाम सांगितलं तसं. तुमचं लक्ष आहे का, ते बघत होते."

"मग? नापास?"

"काठावर पास."

"यातलं खरं कुठलं?"

"एकही नाही. आमच्या दुकानाचं दार आपटताच येत नाही. स्प्रिंग आहे त्याला, सावकाश मिटतं."

तो मोठ्याने हसला. त्या हसण्यात मऊ काही नव्हतं, म्हणून ताईला ते चालण्यासारखं वाटलं.

"दोन्ही वेळा मुलीचा प्रश्न मात्र तोच होता," तो म्हणाला. "आणि दोन्ही वेळा प्रश्नावरून तुम्ही थेट दारापाशी गेलात. मध्ये काय झालं?"

"काही नाही. तिचा चष्मा वाकडा झाला होता. मी तो तिच्या नाकावरून काढला, आत नेला आणि गरम करून दांडी सरळ केली."

"तिचा नंबर काय?"

शेवटी एक शहाणा प्रश्न. "उणे साडेसात."

"म्हणजे तेव्हा तिला तुम्ही दिसत होतात?"

"कशी दिसेन? उणे साडेसातला वीतभरापलीकडे चेहरा उरत नाही. नुसता फिकट डाग." शिकाऊ पोरींना समजावावं तशी ती बोलली, आणि बोलता बोलता थांबली. मग हळू म्हणाली, "मी बाहेर आले तेव्हा ती बोलत होती. फ्रेमांच्या स्टँडकडे तोंड करून. तिला वाटलं, तिथे मी उभी आहे."

"काय बोलत होती?"

"नीट ऐकू आलं नाही. मी चष्मा हातात दिला, म्हटलं, आता सरळ बसेल. ती उठून गेली."

मऊसूतने रुमालांचा डबा पुढे सरकवला नाही. त्याबद्दल तिने त्याला मनात एक गुण दिला.

"तिच्या प्रश्नाचं उत्तर काय आहे?"

"मला माहीत नाही."

"हे तिला सांगितलंत?"

"'माहीत नाही' हे काय उत्तर झालं? तुम्ही लोक असली उत्तरं देत असाल."

त्याने खांदे उडवले. वाद घालायलाही तयार नाही! ताई सोफ्याशी झटापट करून उठली आणि जिना उतरून फाटकापाशी येताच तिने फोन लावला. मुलीने उचलला. पलीकडे पाण्याचे फटकारे आणि पोरांचा कल्ला.

"गेली होतीस?"

"दोनदा. सोफा भिकार आहे."

"आई."

"ऐक. चुकलीस का, असं विचारलं होतंस. मला माहीत नाही. पोहण्यातलं मला काही कळत नाही. म्हणून चष्मा सरळ करत बसले."

पलीकडे कुणीतरी शिट्टी वाजवली.

"तू काय सांगत होतीस तेव्हा?" ताईने विचारलं. "त्या स्टँडकडे बघून?"

"तुला कळलं होतं, मी स्टँडशी बोलतेय ते?"

"हो."

"आणि तू गप्प उभी राहिलीस."

"हो."

मुलगी कुणाला तरी ओरडली, "काठ सोडू नकोस रे!" आणि पुन्हा फोनवर आली. "आत्ता वर्ग चालू आहे. असं उभ्या उभ्या नाही सांगणार मी. संध्याकाळी फोन कर."

"उचलशील?"

"करून बघ."